केबलचा परवाना कोणाच्या हाती?

केबलची तार घरोघरी पोहोचून तीन दशके उलटली. तरीही 'आमच्या भागात हाच केबलवाला का?' या साध्या प्रश्नाचे नेमके उत्तर फार थोड्या ग्राहकांना देता येईल. कोणाला वाटते, महापालिकेने त्याला ठेका दिला असावा. कोणी समजते, मुंबईत मंत्रालयातून जिल्हावार परवाने निघत असावेत. वस्तुस्थिती अशी आहे की, तो भाग त्याला कोणीच दिलेला नाही. भारतीय कायद्याला केबलचालकाचा 'एरिया' ही कल्पनाच ठाऊक नाही. व्यवहारात मात्र सगळा धंदा या एरियावरच उभा राहिला.

ही विसंगती समजून घेण्यासाठी नाशिकजवळच्या एकलहरे या गावाचे उदाहरण सोयीचे आहे. औष्णिक वीज केंद्रामुळे हे नाव महाराष्ट्राला परिचित आहे. तेथील २१० मेगावॉटचे तीन संच आणि कर्मचाऱ्यांची वसाहत यांमुळे गावाला शहरी रूप आले. २०११ च्या जनगणनेने एकलहऱ्याची नोंद 'जनगणना शहर' अशी केली. म्हणजे जनगणनेच्या लेखी ते शहर, पण कारभार ग्रामपंचायतीचा. शेजारचे नाशिकरोड मात्र नाशिक महापालिकेत. केबलच्या तारेला ही हद्द दिसत नाही. कायद्याला आणि कराला मात्र ती अनेकदा दिसली. अशा सीमेवरच्या गावात उभे राहून पाहिले की कोणाचा अधिकार कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, हे अधिक स्पष्ट होते.

अमेरिकेतील पद्धत

ज्या अर्थाने 'राज्याचा केबल परवाना' हा शब्दप्रयोग जगात रूढ आहे, ती पद्धत मूळची अमेरिकेची. तेथे केबल कंपनीला रस्त्याखालून वा खांबांवरून तार न्यायची तर त्या गावाशी करार करावा लागे. १९८४ च्या संघराज्यीय कायद्याने ही स्थानिक परवाना पद्धत मान्य केली आणि गावाने कंपनीच्या एकूण उत्पन्नाच्या ५ टक्क्यांहून अधिक शुल्क घेऊ नये, अशी मर्यादा घातली. १९९२ च्या कायद्याने एकाच कंपनीला मक्तेदारीचा परवाना देण्यास मनाई केली. गावाला या करारातून पैसा तर मिळेच, शिवाय शाळा, नगर परिषद आणि सामान्य नागरिक यांच्यासाठी राखीव वाहिन्याही मिळत. कोणत्या वस्तीपर्यंत तार न्यायची, हेही करारात लिहिले जाई.

दूरध्वनी कंपन्या केबलच्या धंद्यात उतरू लागल्या तेव्हा त्यांना ही पद्धत अडचणीची वाटू लागली. हजारो गावांशी वेगवेगळा करार करण्याऐवजी राज्याने एकच परवाना द्यावा, असा आग्रह एटी अँड टी आणि व्हेरायझन या कंपन्यांनी धरला. टेक्सासने २००५ मध्ये तसा कायदा केला. कॅलिफोर्नियाने २००६ मध्ये त्याच वाटेने जाऊन परवाने देण्याचे काम राज्याच्या सार्वजनिक उपयोगिता आयोगाकडे सोपविले. शुल्क गावाकडेच जात राहिले, पण अटी घालण्याचे अधिकार राज्याकडे गेले. कंपन्या श्रीमंत वस्त्यांतच तार नेतील ही भीती होती. म्हणून उत्पन्नाच्या आधारे कोणालाही सेवा नाकारता येणार नाही, असे कलम कॅलिफोर्नियाच्या कायद्यात घालण्यात आले. गाव असो की राज्य, या पद्धतीचे मर्म एकच आहे: सार्वजनिक जागा वापरू देण्याच्या बदल्यात कंपनीकडून काही लिहून घेणे.

आपल्याकडे हा सौदा कधी झालाच नाही.

दिल्लीचा विषय, पोस्टाची नोंद

आपल्या राज्यघटनेने टपाल, तारयंत्रे, दूरध्वनी, बिनतारी संदेशवहन आणि प्रसारण हे विषय संघसूचीतील ३१ व्या नोंदीत ठेवले आहेत. त्यामुळे केबलचा परवाना देण्याचा अधिकार महाराष्ट्र सरकारकडे कधीच नव्हता. पण कायदा येण्यापूर्वी केबल आली. १९८० च्या दशकात मुंबईतील उंच इमारतींत एका व्हिडिओ यंत्रावरून अनेक घरांत चित्रपट दाखविण्यापासून या धंद्याची सुरुवात झाली. १९९१ च्या आखाती युद्धाचे प्रक्षेपण, त्यापाठोपाठ स्टार वाहिन्या आणि ऑक्टोबर १९९२ मध्ये सुरू झालेली झी वाहिनी यांनी त्याला बळ दिले. गच्चीवर डिश, जिन्याखाली अ‍ॅम्प्लिफायर आणि विजेच्या खांबांवरून लोंबणाऱ्या तारा एवढ्या भांडवलावर असंख्य तरुण 'केबलवाले' झाले. ज्याने जी गल्ली प्रथम जोडली ती त्याची, हा अलिखित नियम याच काळात रूढ झाला.

केंद्राने २९ सप्टेंबर १९९४ रोजी अध्यादेश काढला आणि १९९५ मध्ये केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स नियमन अधिनियम संमत झाला. नोंदणीशिवाय केबल चालविता येणार नाही, एवढे त्यात ठरले. नोंदणी करणारा अधिकारी म्हणून नेमणूक झाली ती मुख्य टपाल कार्यालयाच्या पोस्टमास्तरची! अर्ज भरायचा, सुरुवातीला ५० आणि पुढे ५०० रुपये शुल्क भरायचे आणि दरवर्षी नूतनीकरण करून घ्यायचे. पूर्वी रेडिओचे लायसन्स टपाल कार्यालयातच मिळत असे. त्या जुन्या सवयीचाच हा विस्तार म्हणावा लागेल. पत्रे वाटणाऱ्या खात्याने देशातील सर्वात गुंतागुंतीच्या प्रसारण व्यवसायाची नोंदवही तीस वर्षे सांभाळली.

ही व्यवस्था आता संपली आहे. १७ जानेवारी २०२५ रोजी माहिती व प्रसारण मंत्रालयाने नियम बदलले. स्थानिक केबलचालकाची नोंदणी आता थेट मंत्रालयाच्या संकेतस्थळावर होते. ५,००० रुपये शुल्कात ती पाच वर्षांसाठी मिळते आणि संपूर्ण देशात चालते. एकलहऱ्यातील केबलचालकाने उद्या कोल्हापुरात तारा टाकायचे ठरविले तरी त्याला वेगळी नोंदणी लागणार नाही.

मात्र या नोंदणीतून काय मिळत नाही, हे अधिक महत्त्वाचे. ती एरिया देत नाही. एका गल्लीत दहा जणांना नोंदणी मिळू शकते आणि नोंदणी अधिकारी त्यास हरकत घेऊ शकत नाही. ती जबाबदारीही टाकत नाही. नेटवर्क जेथे नाही अशा वस्तीपर्यंत, मळ्यातल्या घरापर्यंत तार न्यायलाच हवी, असे बंधन तीत नाही. ग्रामसभेच्या वृत्तासाठी वाहिनी राखून ठेवण्याचेही नाही. दूरदर्शनच्या अधिसूचित वाहिन्या आणि संसदेच्या दोन सभागृहांच्या वाहिन्या दाखविणे सक्तीचे आहे, पण ती सक्तीही दिल्लीच्या हिताची. गावाच्या हिताची नव्हे. कॅलिफोर्नियातील गावाने अधिकार गमावला म्हणून तेथे आरडाओरड झाली. एकलहऱ्याच्या ग्रामपंचायतीकडे गमावण्यासारखे काही नव्हतेच.

राज्याच्या हाती कर

राज्याला परवाना देता येत नव्हता, तरी कर घेता येत होता. घटनेच्या राज्यसूचीतील ६२ व्या नोंदीने करमणुकीवरील कराचा अधिकार राज्यांना दिला होता. महाराष्ट्रात १९२३ चा मुंबई करमणूक शुल्क अधिनियम लागू होता. नाटक-सिनेमासाठी केलेल्या या कायद्यात पुढे केबलचाही समावेश झाला. जिल्हाधिकारी कार्यालयातील करमणूक कर शाखा आणि तिचे निरीक्षक हेच केबलचालकाला प्रत्यक्ष भेटणारे राज्य सरकार होते.

कराचा दर वाहिन्यांवर नव्हे, तर जोडणी कोणत्या हद्दीत आहे यावर ठरत असे. शेवटच्या काळात महापालिका क्षेत्रात दरमहा ४५ रुपये, तर ग्रामीण भागात १५ रुपये असा दर होता. एकच केबलचालक, एकच तार आणि त्याच वाहिन्या. पण महापालिकेची हद्द ओलांडली की शुल्क तिपटीने बदले. तारेवर मात्र हद्दीची खूण नसल्यामुळे नेमक्या किती जोडण्या कोठे आहेत, हे केबलचालक सांगेल तेच खरे मानावे लागे. केबलचालकांनी जोडण्या कमी दाखविणे हे त्या काळातील उघड गुपित होते. सरकारला कर कमी मिळे, वाहिन्यांना वर्गणी कमी मिळे आणि ग्राहक मात्र पूर्ण पैसे मोजत असे.

१ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि राज्याचे करमणूक शुल्क त्यात विलीन झाले. केबलच्या बिलावर शहर व खेडे असा भेद न करता १८ टक्के कर लागू झाला. ६२ वी नोंदही बदलली. करमणूक कर बसविण्याचा अधिकार आता फक्त पंचायती, नगरपालिका यांसारख्या स्थानिक संस्थांपुरता उरला आहे. केबलवरचा राज्याचा सर्वात दृश्य हात अशा प्रकारे बाजूला झाला.

अधिकारी आणि खांब

राज्याकडे उरलेले दुसरे काम म्हणजे कायद्याची अंमलबजावणी. १९९५ च्या कायद्याप्रमाणे जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी आणि पोलीस आयुक्त हे 'प्राधिकृत अधिकारी' आहेत. नोंदणी नसलेल्या चालकाची यंत्रसामग्री जप्त करणे, आक्षेपार्ह कार्यक्रम थांबविणे हे त्यांच्या कक्षेत येते. म्हणजे नोंदणी देते केंद्र, पण नियम मोडला तर कारवाई करायची जिल्ह्याने. पूर्वी पहिल्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने कैद रद्द केली आणि तिच्या जागी ताकीद व आर्थिक दंड आला. या अधिकारांचा रोख कार्यक्रमांवर आणि बेकायदा जोडण्यांवर आहे. बिल जास्त आले किंवा चित्र दिसत नाही ही तक्रार घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात गेल्यास फारसे काही हाती लागत नाही, त्याचे कारण हे.

खरी स्थानिक सत्ता असते ती खांबांची आणि रस्त्यांची. २०११ च्या दुरुस्तीने कायद्यात मार्गाधिकाराचे कलम आले. सार्वजनिक संस्थेच्या ताब्यातील जागेवरून, जागेखालून तारा नेण्याची किंवा खांब उभारण्याची परवानगी केबलचालकाला मागता येते. संस्थेने ती देणे मात्र ऐच्छिक आहे. 'सार्वजनिक संस्था' या शब्दाची व्याख्या व्यापक असल्याने तीत ग्रामपंचायत येते, तशा सरकारी मालकीच्या कंपन्याही येतात. एकलहऱ्यासारख्या ठिकाणी गावातला रस्ता ग्रामपंचायतीचा, वसाहतीची जागा महानिर्मितीची आणि विजेचे वितरण महावितरणचे. २००५ मध्ये वीज मंडळाचे विभाजन होण्यापूर्वी यातील दोन मालक एकच होते. नव्या केबलचालकाला येथे यायचे असेल, तर दिल्लीतील नोंदणी सोपी. कठीण आहे ती ही दारे एकेक करून उघडणे. जुन्या चालकाच्या तारा मात्र कोणतेही दार न ठोठावता आधीच टांगलेल्या असतात. एरियाची मक्तेदारी कागदावर नसूनही टिकते, त्याचे मोठे कारण या खांबांत आहे.

डिजिटलने सत्ता हलवली

अ‍ॅनालॉगच्या काळात स्थानिक केबलचालक बराचसा स्वयंपूर्ण होता. स्वतःची डिश, स्वतःचे नियंत्रण कक्ष, स्वतःची व्हिडिओ वाहिनी. अनेक चालकांना एकत्रित संदेश पुरविणारा घाऊक पुरवठादार, म्हणजे एमएसओ, शहरांत होताच, पण ग्राहकांची संख्या केबलचालकाच्याच वहीत असे. २०११ च्या दुरुस्तीने डिजिटल प्रणाली सक्तीची केली आणि हे चित्र पालटले. मुंबईसह चार महानगरांत ३१ ऑक्टोबर २०१२, नाशिकसह ३८ शहरांत ३१ मार्च २०१३, उर्वरित नागरी भागांत ३१ डिसेंबर २०१५ आणि शेवटी ग्रामीण भागांत ३१ मार्च २०१७ अशा मुदती ठरल्या. नाशिक शहरात सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाल्यानंतर हद्दीबाहेरच्या गावांना कागदोपत्री दोन ते चार वर्षे जुन्या पद्धतीत राहण्याची मुभा होती.

सेट टॉप बॉक्समधील कुलूप एमएसओच्या संगणकावरून उघडते. कोणत्या घरात कोणती वाहिनी दिसेल, याची नोंद त्याच्याकडे असते. त्यामुळे जोडण्या लपविणे बंद झाले. त्याचबरोबर केबलचालक हा मालक न राहता जवळजवळ शेवटच्या तारेचा राखणदार झाला. डिजिटल प्रणालीसाठीची एमएसओची नोंदणी पोस्टात होत नाही. ती मंत्रालयच करते, एक लाख रुपये शुल्क घेऊन आणि दहा वर्षांसाठी. अमेरिकेतील परवान्याशी तुलना करण्याजोगे आपल्याकडे काही असेल तर ते हेच; आणि तेही गाव किंवा राज्य यांच्या हातात नाही.

एमएसओ आणि स्थानिक चालक यांच्यातील व्यवहार दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, ठरवते. २००४ पासून प्रसारण हा विषय ट्रायकडे आहे. मार्च २०१७ मध्ये काढलेली आणि फेब्रुवारी २०१९ पासून प्रत्यक्षात आलेली दरपद्धती वाचकांना आठवत असेल: पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी १३० रुपये, करासह १५३ रुपये ४० पैसे, आणि सशुल्क वाहिन्या ग्राहकाने निवडायच्या. दोघांमध्ये वेगळा करार झाला नाही, तर या मूळ शुल्काची विभागणी एमएसओला ५५ आणि केबलचालकाला ४५ टक्के अशी धरली जाते. तीन आठवड्यांची नोटीस दिल्याशिवाय एमएसओला केबलचालकाचा संदेश तोडता येत नाही. १३० रुपयांची मर्यादा जुलै २०२४ मध्ये ट्रायने उठविली. आता हे शुल्क ठरविण्यास कंपन्या मोकळ्या आहेत, मात्र ते जाहीर करावे लागते.

बाजारपेठ राज्याची, मक्तेदारी गल्लीची

या साऱ्या व्यवस्थेत 'राज्य' हा घटक एकदा गांभीर्याने विचारात घेतला गेला, तोही परवान्यासाठी नव्हे, तर मक्तेदारी मोजण्यासाठी. नोव्हेंबर २०१३ मध्ये ट्रायने केबल क्षेत्रातील मक्तेदारीविषयी शिफारशी केल्या आणि मोजमापासाठी राज्य हीच बाजारपेठ धरावी, असे सुचविले. त्यासाठी हर्फिंडाल-हर्शमन निर्देशांक वापरायचा होता. प्रत्येक कंपनीच्या बाजारातील वाट्याचा वर्ग करून सर्वांची बेरीज करायची, असे त्याचे गणित आहे. एकच कंपनी असेल तर १०,०००. समान वाट्याच्या चार असतील तर २,५००. एका गटाचाच हिस्सा या बेरजेत २,५०० च्या वर गेला, म्हणजे निम्म्याहून अधिक बाजार त्याच्याकडे असला, तर त्यावर बंधन यावे, अशी ही शिफारस होती.

अशा चिंतेला कारण होते. पंजाबात एका केबल समूहाच्या वर्चस्वाचे प्रकरण भारतीय स्पर्धा आयोगापर्यंत गेले. तेथेही बाजारपेठ म्हणून पंजाब व चंडीगड हेच क्षेत्र धरले गेले. आयोगाने दंड केला. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१८ च्या निकालात त्या समूहाचे वर्चस्व मान्य केले, पण दंड रद्द केला. तामिळनाडूत वेगळाच मार्ग निघाला. तेथील सरकारने स्वतःची अरसू केबल कंपनी २००७ मध्ये स्थापली आणि २०११ मध्ये ती नव्या जोमाने चालवून ७० रुपयांत जोडणी देऊ केली. राज्य सरकारांनी वितरणात उतरू नये, अशी शिफारस ट्रायने २०१२ मध्ये केली होती. तरीही २०१७ मध्ये अरसूला डिजिटल प्रणालीसाठी परवानगी मिळाली. केरळमध्ये केबलचालकांनीच एकत्र येऊन केरळ व्हिजन उभे केले.

ट्रायच्या शिफारशी वर्षानुवर्षे मंत्रालयात पडून राहिल्या आणि पुनर्विचारासाठी परत आल्या. सप्टेंबर २०२२ मध्ये ट्रायने भूमिका बदलली: डीटीएच, मोफत डीडी फ्री डिश आणि इंटरनेटवरील मंच यांमुळे पुरेशी स्पर्धा आहे, तेव्हा वेगळ्या निर्बंधांची गरज नाही. निष्कर्ष तर्काला धरून आहे. छतावर डिश बसविणाऱ्याला एरिया लागत नाही.

तथापि, राज्य हे मोजमाप मुळातच किती मोठे होते, याकडे दुर्लक्ष झाले असे वाटते. महाराष्ट्रासारख्या राज्यात दहा-बारा एमएसओ असतील तर निर्देशांक निश्चितच समाधानकारक येईल. पण त्या आकड्यात एखाद्या वसाहतीत, एखाद्या वाडीत एकच तार आहे, हे दिसणार नाही. ग्राहक राज्यात राहत नाही, तो गल्लीत राहतो. त्याच्यापुरता निर्देशांक १०,००० असू शकतो आणि राज्याच्या पत्रकात तो २,००० दिसेल. अमेरिकेतील गावाचा करार कितीही त्रासदायक असला, तरी त्याचे मोजमाप निदान गावाएवढे होते.

मग ग्राहकाने कोठे जावे? बिल, वाहिन्या किंवा बंद पडलेला संदेश यांबद्दलची तक्रार आधी एमएसओच्या निःशुल्क क्रमांकावर नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा, नंतर त्याच कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे जावे. सेवा सलग ७२ तासांहून अधिक बंद राहिली, तर त्या प्रमाणात बिलात सूट मागता येते. ट्राय वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करीत नाही आणि टीडीसॅट हा लवाद कंपन्यांमधील वादांसाठी आहे. ग्राहकासाठी उरतो तो जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते, एमएसओचे कार्यालय मुंबईत असो वा अन्यत्र. त्यासाठी पावती हवी. आजही अनेक ठिकाणी महिन्याचे पैसे रोखीने दिले जातात आणि पावतीचा आग्रह कोणी धरत नाही. ती नसेल तर दारात येऊन पैसे नेणारा माणूस आणि दिल्लीत नोंदलेली कंपनी यांचा एकमेकांशी संबंध आयोगासमोर सिद्ध करणे ग्राहकाला जड जाते.